मुठीखालचा पुठ्ठा

टेबलावर आलेल्या दहा बॅगांतली एक तरी ती परत पाठवायची, म्हणून कारखान्यात तिचं नाव नाहीबाई पडलं होतं. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आधीचा 'नाही' तिची पाठ फिरली की लागायचा. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. 'होबाई' म्हणवून घेण्यापेक्षा बरं, असं ती नवऱ्याला सांगायची.

कारखाना म्हणजे एक लांबट, दोन मजली इमारत. खाली कातड्याच्या गुंडाळ्या आणि कापायची टेबलं, वर शिलाईची मशीनं, आणि वरच्याच मजल्यावर अगदी टोकाला, मोठ्या खिडकीशी, तिचं टेबल. पुरुषांच्या कामाच्या बॅगा तेवढ्या इथे व्हायच्या. कागदपत्रं, डबा आणि घडीची छत्री मावेल, खांद्यालाही लावता येईल आणि हातातही धरता येईल अशा. शिवून झालेली प्रत्येक बॅग शेवटी तिच्या हाताखालून जायची. ती आधी कड बघायची, घासून, मेण लावून गोल केली आहे की नुसता रंग फासलाय. मग टाके. ते एका रेषेत आहेत का, आणि शेवटचा टाका उलटा मारून बंद केलाय का. चेन ती टोकापर्यंत न्यायची आणि परत आणायची, कारण चेन अडते ती नेहमी कोपऱ्यात. अस्तर चिमटीत धरून ओढायची. आणि सगळ्यात शेवटी मूठ. मुठीवर तिचा सगळ्यात जास्त वेळ जायचा, आणि त्याला कारण होतं.

नऊ वर्षांपूर्वी, ती कामाला नवी असताना, एक घड्याळजी कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. घरोघर फिरून घड्याळं दुरुस्तीला नेणारा, बारीक चणीचा माणूस. बॅग इथलीच, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर मूठ निघून हातात आली आणि लोकांची एकवीस घड्याळं पायऱ्या मोजत तळमजल्यापर्यंत गेली. तो ओरडला नाही, भांडला नाही. बॅग टेबलावर ठेवून त्याने एवढंच विचारलं, "ही बघितली कुणी होती?" ती म्हणाली, "मी." त्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला. भांडला असता तर ती कदाचित विसरून गेली असती.

वरच्या मजल्याचा मुकादम तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. तिनेच त्याला इथे आणलं होतं. आरी कशी धरायची, रापीने कातडं कागदासारखं पातळ कसं तासायचं, हे शेजारी बसवून तिनेच शिकवलं होतं. पोरगं हुशार निघालं, सहा वर्षांत मशीनवरून मुकादम झालं. बावीस माणसं त्याच्या हाताखाली होती आणि त्यातली निम्मी त्याच्यापेक्षा वयाने मोठी. बहिणीने परत पाठवलेली बॅग तो मुकाट्याने घ्यायचा, पण कधीकधी त्याचा कान लाल झालेला तिला दिसायचा.

त्या पंधरवड्यात एकाच दुकानासाठी दोनशे चाळीस बॅगा चालल्या होत्या. दुकान मोठं, सात शहरांत शाखा. हे काम पसंत पडलं तर वर्षभर मशीनं थांबणार नव्हती. नाही पडलं तर काय होतं तेही सगळ्यांना माहीत होतं, कारण मागच्या वर्षी काम आटलं तेव्हा आठ जण घरी बसले होते. त्यातल्या तिघी अजून परत आल्या नव्हत्या. पहिल्या साठ बॅगा तिने तीन दिवसांपूर्वीच तपासल्या होत्या आणि त्यातली एकही परत गेली नव्हती. मशीनवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या, बाईची तब्येत तर बरी आहे ना?

उरलेल्या एकशे ऐंशी चौदा तारखेला सकाळी तिच्यासमोर आल्या. दुकानाचा खरेदीदार दुपारी तीनला येणार होता. तिने आठ वाजता सुरुवात केली. पहिल्या दोन नेहमीच्या सवयीने गेल्या, आणि तिसऱ्या बॅगेच्या मुठीखाली तिचा अंगठा थांबला.

मूठ जिथे बॅगेला जोडतात तिथे वरचं कातडं आणि अस्तर यांच्यामध्ये कातड्याचाच एक दोन बोटं रुंद तुकडा घालतात. कारखान्यात त्याला 'आधार' म्हणत. तो बाहेरून दिसत नाही. पण सगळं वजन पेलतो तो. कातड्याच्या आधारावर अंगठा दाबला की तो जरा आत जातो आणि सावकाश परत येतो. हा आत गेला नाही. तिने जोर लावून वाकवला तेव्हा आतून बारीकसा, कोरडा आवाज आला आणि वाकलेलं तसंच राहिलं. तिने आधीच्या साठांतली एक आणून शेजारी ठेवली आणि एका हाताने ही, दुसऱ्या हाताने ती दाबून पाहिली. मग चौथी घेतली. पाचवी. मघाच्या पहिल्या दोन पुन्हा. अकरा बॅगा झाल्यावर तिने हात थांबवला.

आत पुठ्ठा होता. पुठ्ठ्यात सुई गेली की भोकांची रांग पडते, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असते तशी. आज ती घट्ट राहील, उद्याही राहील. चार-सहा महिने घामेजलेला हात, दमट हवा आणि रोजचं ओझं, की एक दिवस ती रांग टरकन उसवते.

तिने भावाला हाक मारली नाही. ती स्वतः उठून त्याच्याकडे गेली, आणि ते पाहूनच मशीनं एकामागून एक हळू झाली, कारण काम चालू असताना टेबल सोडून ती कधी कुठे जात नसे.

"जरा खाली चल," ती म्हणाली.

"काय झालं ताई? इथंच बोल की."

"खाली चल."

कातड्याच्या गुंडाळ्यांमागे दोघं उभे राहिले. तिथे भर सकाळीही दिवा लावावा लागायचा.

"आधार कशाचा आहे?"

त्याने एकदा जिन्याकडे बघितलं. या बहिणीशी खोटं बोलणं त्याला लहानपणीही जमलं नव्हतं. "तासायचं मशीन आठ दिवस बंद आहे, तुला माहीत आहे. बॅगेला दोन तुकडे, म्हणजे तीनशे साठ तुकडे हाताने तासायचे. रापी धरता येणारी माणसं माझ्याकडे तीन. कुणी तासायचे?"

"म्हणून पुठ्ठा."

"साधा नाही, दाबलेला आहे. बुटाच्या तळव्यात घालतात तो."

"बूट कुणी मुठीला धरून उचलत नाही."

"फाटेलच असं कशावरून? तू सुतावरून स्वर्ग गाठतेस."

"मालकांना माहीत आहे?"

"मालक म्हणाले, काहीही कर, चौदाला माल तयार दिसला पाहिजे."

"दिसला, असं म्हणाले?"

"शब्दाला काय धरतेस ताई."

"मी विचारतेय, त्यांना माहीत आहे का?"

"त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." त्याने आवाज आणखी खाली घेतला. "हे बघ. आजचा दिवस जाऊ दे. तू शिक्के मार. पुढच्या खेपेला मी स्वतः बसून आधार तासतो. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊ नकोस. मी काही पुठ्ठ्याची नाही."

एरवी तो हसला असता. आज त्याचा चेहरा तसाच राहिला. "बावीस माणसं बसली आहेत वर," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर जाऊन तू सांग, की हे काम गेलं. मला जमणार नाही." आणि तो जिना चढून गेला.

ती टेबलाशी परत आली. प्रत्येक बॅगेला एक लहान कार्ड बांधलेलं असे आणि त्यावर ती 'तपासले' असा गोल शिक्का मारायची. शिक्का तिच्या उजव्या हाताशी पडला होता. तिने तो उचलला नाही. सांगावं तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. गप्प बसावं तर तो घड्याळजी डोळ्यांसमोर येत होता, आणि एक नाही, एकशे ऐंशी घड्याळजी. ती नुसतीच बॅगा उलटसुलट करत राहिली. अकरा वाजेपर्यंत टेबलाच्या एका बाजूला ढीग झाला, दुसरी बाजू रिकामीच राहिली. बायकांनी मशीनवरून माना वर केल्या नाहीत, पण कुणी कुणाशी बोलतही नव्हतं. आधार कशाचे घातलेत हे शिवणाऱ्यांना माहीत नसेल असं कसं होईल? सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी होती.

मालक वर आले. मालक दुष्ट नव्हते. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः जाऊन विचारपूस करायचे. पण एखादी गोष्ट पाहिली तर ती निस्तरावी लागते, म्हणून ती पाहायचीच नाही, ही विद्या त्यांना चांगली अवगत होती.

"बाई, शिक्के का थांबलेत?"

तिने एक बॅग पुढे केली. "मुठीखाली दाबून बघा."

मालकांनी हात मागे बांधले. "मी कशाला बघू? बघण्यासाठी तुम्ही आहात."

"मी बघितलंय. म्हणूनच थांबलेय."

मालक खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. "तुमचे डोळे दमलेत बाई," ते अखेर म्हणाले. "पंधरा दिवस सगळ्यांनाच त्रास झालाय. खाली जाऊन बसा जरा, चहा घ्या." आणि त्यांनी टेबलावरचा शिक्का उचलून तिच्या भावाच्या हातात दिला. "आज तू मार."

भावाने शिक्का घेतला. तिच्याकडे न बघता घेतला. ती खाली गेली नाही. खुर्ची थोडी मागे सरकवून, हात मांडीवर ठेवून तिथेच बसली, आणि तिच्यासमोर तिचा भाऊ तिच्या शिक्क्याने एकामागून एक कार्डं छापत गेला. टप. टप. टप. त्याचा कान लाल झाला होता.

तेवढ्या वेळात तिने मनाशी एक तोडगा काढला. आपण होऊन बोलायचं नाही. पण खरेदीदाराने विचारलं, तर खोटंही बोलायचं नाही. विचारणं न विचारणं त्याच्या हातात. हा तोडगा तिला काही फार आवडला नव्हता, पण तो धरून निदान श्वास घेता येत होता.

खरेदीदार तीनला येणार होता तो दीडलाच आला. मोठ्या अंगाचा, सावकाश बोलणारा, साठीच्या पुढचा माणूस. काखेत कागदांचा जाडजूड गठ्ठा होता, दोरीने बांधलेला. सात शहरांत बॅगा विकणारा हा गृहस्थ स्वतःचे कागद काखेत धरून जिना चढून आला आणि वर पोचल्यावर त्यातले चार जमिनीवर पडले. ते त्याने वाकून स्वतःच गोळा केले.

लांब टेबलांवर दोनशे चाळीस बॅगा रांगेने मांडल्या होत्या. आधीच्या साठ आणि आजच्या एकशे ऐंशी भावाने मिसळून टाकल्या होत्या. खरेदीदार रांगेवरून फिरला, दोन-तीन उघडल्या, एकीचा वास घेतला, चेन ओढून पाहिली. मालक अर्धं पाऊल मागे राहून त्याच्याबरोबर चालत होते. मुठीखाली कुणी दाबून पाहिलं नाही.

रांग संपली तशी तो तिच्या टेबलाशी आला. "तपासणाऱ्या बाई तुम्हीच ना? तुमच्याबद्दल ऐकलंय. तुम्हाला काय म्हणतात तेही ऐकलंय." मागे कुणीतरी खोकलं. "माझं एक काम करा. चाळीस वर्षं लोकांना बॅगा विकतोय, पण स्वतःसाठी कधी घेतली नाही. बायको रोज बोलते. यातली एक माझ्यासाठी निवडून द्या. घरच्या माणसासाठी निवडाल तशी. ती मी वापरणार, आणि तीच आमच्या दुकानांत नमुना म्हणून राहणार."

"बाई निवडतील की," मालक म्हणाले. "उत्तम निवडतील."

ती उठली. टेबलाच्या एका टोकापासून चालायला लागली तेव्हा सगळी मशीनं थांबलेली होती. पहिली बॅग, अंगठा, पुठ्ठा. दुसरी, पुठ्ठा. तिसरी, पुठ्ठा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. चांगली उचलून दिली तर त्या एकीच्या जिवावर बाकीच्या एकशे ऐंशी खपणार. पुठ्ठ्याची दिली तर सहा महिन्यांत त्याला आपोआप कळेल, आणि तिला एक शब्दही बोलावा लागणार नाही. पण त्या माणसाने घरच्या माणसासाठी निवडाल तशी द्या म्हटलं होतं, आणि ज्याला कातड्यातलं कळतं अशाने तिच्या हातावर विश्वास टाकला होता. नऊ वर्षांत तिने काही कमावलं असेल तर तेवढंच. चौदावी, पंधरावी. भाऊ टेबलाच्या पलीकडच्या बाजूने तिच्या बरोबरीने सरकत होता, जणू तिने मध्येच कोसळू नये म्हणून.

एकोणिसाव्या बॅगेखाली अंगठा आत गेला आणि सावकाश वर आला.

तिने ती उचलली. तपकिरी, जरा गडद. "ही घ्या," ती म्हणाली.

"हीच का?"

तिने सांगितलं. "हिच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला जनावराच्या पाठीचं कातडं आहे, पोटाचं नाही. पोटाचं ताणलं जातं, वर्षभरात बॅग पिशवीसारखी लोंबते. इथे बघा, हा ओरखडा दिसतोय ना, तो कातड्याचाच आहे, रंगाने झाकलेला नाही. ज्याच्यावर एकही डाग नाही त्या कातड्यावर रंगाचे थर असतात, ते तडकतात. कड हाताने घासलीय. चेन कोपऱ्यात अडत नाही. नवीन असताना जरा कडक वाटेल, वापरून मऊ होईल. ओली झाली तर सावलीत वाळवा, उन्हात नको."

खरेदीदाराने बॅग हातात घेतली, उघडली, आणि काखेतला गठ्ठा सोडवून कागद एकेक करून आत ठेवले. पट्टा खांद्याला अडकवला. मग दोन पावलं चालला आणि मागे वळून आला. त्याला झालेला आनंद लपत नव्हता. "हे चाळीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं," तो म्हणाला, आणि मालकांनी पुढे केलेल्या कागदाकडे वळून खिशातून पेन काढलं.

त्याने काहीच विचारलं नव्हतं. बाकीच्या अशाच आहेत का, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. विचारण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही, कारण बॅग तिने दिली होती. तिचा सकाळपासूनचा तोडगा तिथेच गळून पडला. पेनचं टोपण निघालं, कागद टेबलावर सरळ झाला.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या खांद्याला आहे ती बरोबर आहे. यातल्या एकशे ऐंशी तशा नाहीत."

पेन कागदावर टेकायचं राहिलं.

"मुठीखाली कातडं हवं, तिथे पुठ्ठा आहे. आज कळणार नाही. सहा महिन्यांनी कळेल."

मालक म्हणाले, "बाईंची तब्येत सकाळपासून—"

"एक फाडून दाखवा," खरेदीदार म्हणाला. तो मालकांशी बोलत नव्हता.

रापी तिच्या टेबलाच्या खणात असायची. तिने खण उघडला, पण तिच्या हाताआधी भावाचा हात आत गेला. त्याने रापी घेतली, रांगेतली एक बॅग ओढली. "मी फाडतो," तो म्हणाला. "मी घातलाय, कुठे आहे ते मला माहीत आहे." त्याने अस्तर सरळ चिरलं, बोटं आत घातली आणि करड्या रंगाचा तुकडा बाहेर ओढून टेबलावर ठेवला. त्याने तो खाली जोरात आपटला नाही, हळूच ठेवला.

"हे करायला कुणी सांगितलं?" खरेदीदाराने विचारलं.

सगळ्या मजल्याची नजर मालकांवर होती. मालक खिडकीबाहेर बघत होते.

"कुणी नाही," भाऊ म्हणाला. "तासायचं मशीन बंद होतं. मी ठरवलं."

खरेदीदाराने तो तुकडा दोन बोटांत धरून मोडला. मग कागदावरचा दोनशे चाळीसचा आकडा खोडून साठ लिहिला आणि खाली सही केली. "बाकीच्यांना अकरा दिवस आहेत," तो मालकांना म्हणाला. "जमलं तर कळवा, नाही तर मी दुसरीकडे बघतो." जिन्याशी गेल्यावर तो थांबला आणि तिच्याकडे वळला. "बाई, मी येऊन पाऊण तास झाला. हे मी आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

तिने उघडा राहिलेला खण बंद केला. तो खांद्यावरची बॅग सावरून उतरून गेला.

त्या दिवशी तिच्याशी कुणी बोललं नाही. एकशे ऐंशी बॅगा उसवायच्या, आधार तासायचे आणि पुन्हा त्याच भोकांतून शिवायच्या, हे काम त्यांच्याच माथी आलं होतं. संध्याकाळी हात धुताना एक जुनी शिवणकरीण भिंतीकडे बघून म्हणाली, "खरं बोलणाऱ्याला काय, तोंड उघडायचं. हात दुसऱ्याचे दुखतात." ते खोटं नव्हतं. नाहीबाई हात धूत राहिली. मालकांनी भावाचं मुकादमपण तिथल्या तिथे काढून घेतलं. आरडाओरडा न करता, "काही दिवस मशीनवर बस," एवढंच म्हणाले.

त्यांची आई भावाकडे राहायची. कामावरून सुटल्यावर नाहीबाई घरी न जाता थेट तिकडे गेली. दार आईने उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"तू त्याची बहीण आहेस की पोलीस?"

"आत तरी येऊ दे आई."

"ये. घर त्याचंच आहे, तोच तुला काय ते सांगेल."

भाऊ आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. त्याची बायको पाण्याचा पेला ठेवून निमूट बाहेर गेली.

"तू बोललीस त्याचा राग नाही," तो म्हणाला. "तू बोलणार हे मला एक शब्द आधी सांगितलं असतंस, तर मीच बोललो असतो. माझं मी सांगितलं असतं. आता जन्मभर लोक म्हणतील, बहिणीने पकडून दिलं."

"बोलला असतास?"

तो विचारात पडला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मलाही माहीत नव्हतं मी बोलणार ते. त्याने पेन काढेपर्यंत."

"आणि शिक्का मी मारत होतो, तेव्हा तू नुसती बसून राहिलीस. उठून निघून गेली असतीस तर मला सोपं झालं असतं."

"म्हणूनच नाही गेले."

यावर त्याने तिच्याकडे बघितलं, पण तो हसला नाही, विरघळला नाही, आणि तीही जेवायला न थांबता निघाली.

दुसऱ्या दिवशी ती तासभर लवकर आली आणि स्वतःची रापी घेऊन खालच्या मजल्यावर आधार तासायला बसली. तपासायला माल नव्हताच. साडेसातला भाऊ आला. मुकादम नव्हता, त्यामुळे लवकर यायचं त्याला काही कारण नव्हतं. तो तिच्यापासून दोन हात अंतरावर बसला आणि कातड्याचा तुकडा पुढ्यात ओढला. अकरा दिवस दोघं असे बसले. बोलणं कामापुरतं. "हा जाड राहिला." "दे इकडे." चौथ्या दिवशी ती जुनी शिवणकरीणही येऊन बसली, आणि मग आणखी दोघी. रापी न धरता येणारे उसवायला बसले. बोटांना पट्ट्या बांधून माणसं काम करत होती, आणि अकराव्या दिवशी किती बॅगा वाचतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण त्याच भोकांतून पुन्हा सुई घालताना कातडं फाटत होतं.

एकशे ऐंशीतल्या एकशे सत्तेचाळीस वाचल्या. बाकीच्या तिने बाजूला काढल्या. त्यातल्या नऊ भावाने स्वतः शिवलेल्या होत्या. मालकांनी कळवलं. खरेदीदार स्वतः आला नाही, त्याने माणूस पाठवला, आणि त्या माणसाने सबंध दिवस बसून प्रत्येक मुठीखाली अंगठा दाबला. पुढचं काम मिळालं, पण आधीच्या निम्मं. दोघांना घरी बसावं लागलं. त्यातली एक ती जुनी शिवणकरीण होती. तिच्या घरी नाहीबाई दोनदा गेली. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पण बसायला कुणी सांगितलं नाही.

हंगाम संपल्यावर भावाने कारखाना सोडला. त्याला कुणी काढलं नाही. ज्या मजल्यावर मुकादम होतो तिथे मशीनवर बसणं नकोसं वाटतं, असं त्याने आईला सांगितलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याने दुरुस्तीचं दुकान टाकलं. एक मशीन, एक टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या लोकांच्या बॅगा. तुटलेले पट्टे, अडकलेल्या चेनी, निघून आलेल्या मुठी. कामाला तोटा नव्हता.

पहिल्यांदा ती गेली तेव्हा तो मान वर न करता काम करत राहिला आणि ती दारातच उभी राहिली. त्यानंतर तीन आठवडे ती गेली नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी आईने डबा नेऊन द्यायला सांगितलं, म्हणून गेली. दुकानात एक तरुण उभा होता. नोकरीच्या मुलाखतीला जायचं म्हणून कुठूनतरी काळी चकचकीत बॅग घेऊन आला होता आणि ती चांगली आहे का, असं विचारत होता. भावाने बॅग फिरवून पाहिली, कड पाहिली, चेन ओढली. मग ती टेबलावरून बहिणीकडे सरकवली आणि पायाने खालचं स्टूल तिच्या बाजूला ढकललं.

"मूठ बघ जरा," तो म्हणाला. "मला शंका आहे."

डबा खाली ठेवून ती स्टुलावर बसली.